जगलेल्या झाडाचा हिशेब : नागरी वृक्षलागवड आणि कार्बन क्रेडिट

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना ‘कार्बन क्रेडिट’ ही संज्ञा अगदीच अपरिचित नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पुढे सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगावच्या माळावरही त्या फिरू लागल्या. या दोन जिल्ह्यांतील काही पवनऊर्जा प्रकल्पांची नोंद क्योटो करारातील ‘स्वच्छ विकास यंत्रणे’खाली झाली आणि वाऱ्यापासून निर्माण झालेल्या विजेबरोबरच, कोळसा न जाळल्यामुळे वाचलेल्या कर्बवायूचाही हिशेब मांडला जाऊ लागला. हा हिशेब त्या मानाने सोपा होता. पवनचक्कीला मीटर असतो. किती युनिट वीज तयार झाली हे मीटर सांगतो आणि तेवढी वीज कोळशावर तयार केली असती तर किती कर्बवायू हवेत गेला असता, हे गणिताने काढता येते.

आता हीच कल्पना नगरांतील वृक्षलागवडीस लागू करण्याचा विचार अनेक ठिकाणी होत आहे. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याकाठी, नगरपालिकेच्या मोकळ्या भूखंडांवर झाडे लावावीत. ती जो कर्बवायू शोषून घेतील त्याचे क्रेडिट विकावे आणि त्या पैशातून आणखी झाडे लावावीत, अशी ही योजना आहे. कल्पना आकर्षक आहे. परंतु झाडाला मीटर नसतो. झाडाने किती कर्ब साठविला हे फीत लावून मोजावे लागते, ते झाड अनेक वर्षांनंतरही जागेवर आहे की नाही हे पाहावे लागते आणि नगरातील झाडाच्या वाट्याला येणारी संकटे रानातील झाडाहून पुष्कळच अधिक असतात. म्हणून या मार्गाने नगरपालिकांना नेमके काय मिळू शकेल आणि काय मिळणार नाही, हे आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

कार्बन क्रेडिट म्हणजे काय?

एक टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला, अथवा हवेतून काढून घेतला, तर त्याबद्दल मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे एक कार्बन क्रेडिट होय. ज्या कारखान्यास अथवा कंपनीस स्वतःचे उत्सर्जन पुरेसे कमी करता येत नाही, ती हे प्रमाणपत्र विकत घेते आणि तेवढ्या प्रमाणात आपली जबाबदारी भागविते.

या व्यवहाराचा पाया १९९७ साली जपानमधील क्योटो येथे झालेल्या कराराने घातला. तो करार फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्यातील स्वच्छ विकास यंत्रणेमुळे भारतासारख्या देशांतील प्रकल्पांना क्रेडिट विकण्याची वाट खुली झाली. वृक्षलागवडीसही त्यात स्थान होते. चीनमधील ग्वांगशी प्रांतातील पर्ल नदीच्या खोऱ्यातील वनीकरणाची नोंद २००६ मध्ये झाली. त्या यंत्रणेखालील तो जगातील पहिला वनीकरण प्रकल्प होय. भारतात हरियाणातील सिरसा जिल्ह्यात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेल्या शेतजमिनीवर शेतकऱ्यांनी केलेल्या लागवडीची नोंद २००९ मध्ये झाली.

तथापि, त्या यंत्रणेखाली नोंदलेल्या एकूण प्रकल्पांत वनीकरणाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी राहिला. याचे कारण झाडाच्या स्वभावातच आहे. कोळसा न जाळल्याने वाचलेला कर्बवायू कायमचा वाचतो. झाडाने साठविलेला कर्ब मात्र झाड तोडले, जळाले किंवा कुजले की पुन्हा हवेत जातो. म्हणून झाडांना मिळणारी क्रेडिट ‘तात्पुरती’ ठरविण्यात आली होती आणि युरोपच्या बाजाराने तर ती स्वीकारलीच नाहीत.

बाजाराचा दुसरा धडाही विसरता येण्यासारखा नाही. २००८ च्या सुमारास स्वच्छ विकास यंत्रणेतील क्रेडिटचा भाव वीस युरोच्या वर गेला होता. २०१२ संपता संपता तो एका युरोच्याही खाली घसरला. भावाच्या भरवशावर ज्यांनी पुढील खर्चाची आखणी केली होती, त्यांचे गणित कोलमडले.

२०१५ च्या पॅरिस करारानंतर या विषयास नवी चालना मिळाली. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. डिसेंबर २०२३ मधील सुधारणेने, ज्यांच्यावर उत्सर्जन घटविण्याचे कायदेशीर बंधन नाही अशांनाही स्वेच्छेने प्रकल्प नोंदविण्याचा मार्ग त्यात समाविष्ट झाला. याखेरीज ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘हरित क्रेडिट’ नियम जारी केले. कार्बन क्रेडिट आणि हरित क्रेडिट ही नावे सारखी वाटली तरी दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत. कार्बन क्रेडिट हे टनात मोजलेल्या कर्बवायूचे असते; हरित क्रेडिट हे वृक्षलागवडीसारख्या पर्यावरणीय कार्याचे असते. नगरपालिकेपुढे एखादा प्रस्ताव आला तर तो या दोहोंपैकी कशाचा आहे, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

झाडातील कर्ब कसा मोजतात?

झाडाचे लाकूड, फांद्या, पाने आणि मुळे यांतील पाणी वजा केले की उरते ते कोरडे वजन. या कोरड्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग, म्हणजे सुमारे ४७ टक्के, कर्ब असतो. एक किलो कर्ब साठविण्यासाठी झाडाने हवेतून सुमारे ३.६७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड घेतलेला असतो.

झाड न तोडता त्याचे वजन काढण्यासाठी छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजतात आणि त्या जातीच्या झाडासाठी तयार केलेल्या सूत्रात तो घालतात. उदाहरण म्हणून असे झाड घेऊ की ज्याचा घेर अर्ध्या मीटरच्या आसपास आहे आणि जमिनीवरील भागाचे कोरडे वजन १०० किलो भरते. मुळांचे वजन वरच्या भागाच्या साधारण २६ टक्के धरले तर एकूण वजन १२६ किलो होईल. त्याचे ४७ टक्के म्हणजे सुमारे ५९ किलो कर्ब आणि त्यास ३.६७ ने गुणले की सुमारे २१७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड. म्हणजेच एक क्रेडिट मिळण्यासाठी अशी पाच झाडे हवीत.

रस्त्याकडेला लावलेल्या रोपास इतके वाढण्यास चांगली निगा असेल तर दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. निगा नसेल तर ते पहिल्याच उन्हाळ्यात वाळते. दहा वर्षांनी मोजणीस येणारा अधिकारी खड्डे मोजत नाही, उभ्या झाडांचे घेर मोजतो. या सगळ्या विषयाचे मर्म येथेच आहे.

दहा हजार रोपांचा ताळेबंद

एखाद्या मध्यम आकाराच्या नगरपालिकेने दहा हजार रोपे लावली असे समजू. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक नगराने आपले आकडे स्वतः काढावयाचे आहेत.

दहा वर्षांनी यांपैकी सहा हजार झाडे उभी आहेत आणि प्रत्येकाने सरासरी २१७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड घेतला आहे असे धरले, तर एकूण सुमारे १,३०० टन होतात. वादळ, कीड, तोड अशा संकटांसाठी काही क्रेडिट विक्रीबाहेर ठेवावी लागतात. हा राखीव भाग वीस टक्के धरला तर विक्रीयोग्य क्रेडिट सुमारे १,०४० उरतात. दर टनास एक हजार रुपये भाव मिळाला तर दहा वर्षांचे उत्पन्न सुमारे १० लाख ४० हजार रुपये होईल. त्यातून प्रकल्पाची नोंदणी आणि त्रयस्थ संस्थेकडून तपासणी यांचा खर्च वजा जावयाचा आहे.

आता दुसरी बाजू. खड्डा, माती, खत, जाळीचा पिंजरा, तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि मजुरी मिळून एका रोपास दीड हजार रुपये लागले, तर दहा हजार रोपांचा खर्च दीड कोटी रुपये होतो. म्हणजे क्रेडिटचे उत्पन्न मूळ खर्चाच्या सात टक्क्यांच्या आसपास येते, आणि तेही सगळे दहा वर्षांनी. दर झाडामागे हिशेब केला तर दहा वर्षे जगलेल्या एका झाडाचे पावणेदोनशे रुपयेही होत नाहीत.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. कार्बन क्रेडिटच्या पैशातून नगर हिरवे होईल, ही आशा बाळगणे हिशेबास धरून नाही. लागवडीचा मूळ खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून, शासकीय योजनांतून अथवा देणग्यांतूनच व्हावयाचा आहे. परंतु दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. सहा हजारांऐवजी नऊ हजार झाडे जगली तर उत्पन्न सुमारे १५ लाख ६० हजार होते. तीन हजारच जगली तर ते सव्वापाच लाखांवर येते. लागवड तीच, खड्डे तेवढेच, तरी उत्पन्नात तिपटीचा फरक! रोप लावण्यासाठी पैसा मिळणे तितकेसे अवघड नसते. ते पाचव्या-सातव्या वर्षी सांभाळण्यासाठी पैसा मिळणे अवघड असते. क्रेडिटचे उत्पन्न उशिरा येते, ही जशी त्याची उणीव आहे तसाच तो त्याचा उपयोगही आहे. ते निगेच्या कामी नेमकेपणाने लावता येते.

महाराष्ट्राने वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा पाहिल्या आहेत. १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यापुढे २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी अशी उद्दिष्टे ठरली. लोकांचा उत्साह जागविण्याचे कार्य अशा मोहिमा करतात. ‘किती लावली’ या प्रश्नानंतर ‘किती जगली’ हा प्रश्न येणे क्रमप्राप्त आहे आणि कार्बन क्रेडिटची पद्धत हा दुसरा प्रश्न टाळू देत नाही.

जमीन आणि पाऊस

सातारा जिल्ह्यात पावसाचे जेवढे टोकाचे अंतर आढळते तेवढे क्वचितच एखाद्या जिल्ह्यात आढळेल. महाबळेश्वरी वर्षास पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. म्हसवडच्या नगरपालिकेने आणि पाचगणीच्या नगरपालिकेने एकाच यादीतील रोपे लावणे म्हणजे दोन्ही ठिकाणचा पैसा वाया घालविणे होय. माणदेशात कडुनिंब, बाभूळ, हिवर, बोर, आपटा ही झाडे टिकतात. सातारा व कराडच्या रस्त्यांना करंज, कडुनिंब, ताम्हण, बहावा शोभतात आणि ताम्हण व बहावा विजेच्या तारांखालीही फारसे अडचणीचे होत नाहीत. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळी जागा हवी; गटाराच्या भिंतीला चिकटून लावलेला वड एक तर स्वतः तरी मरतो किंवा गटार तरी फोडतो.

सांगलीचा प्रश्न वेगळा आहे. तेथील काळी, चिकण माती पाणी धरून ठेवते आणि कृष्णेचा पूर तर २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी शहराने अनुभवला आहे. नदीकाठच्या सखल भागात चार-आठ दिवस पाण्यात उभी राहू शकतील अशी करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज यांसारखी झाडेच लावली पाहिजेत. पूर ओसरल्यावर मेलेल्या रोपांचे क्रेडिट मिळत नाही.

क्रेडिटच्या मोहाने आणखी एक धोका संभवतो. लवकर वाढणारी झाडे लवकर कर्ब साठवितात, म्हणून निलगिरी आणि सुबाभळीची एकसुरी लागवड करण्याकडे कल होऊ शकतो. पहिल्या दहा वर्षांच्या आकड्यांत ती सरस दिसेल. परंतु नगरास सावली हवी आहे, पाखरांना फळे हवी आहेत, आणि एकाच जातीच्या झाडांवर कीड पडली तर संपूर्ण लागवडच हातची जाते. स्थानिक जातींची मिसळ हाच दीर्घकालीन शहाणपणा आहे.

त्याचप्रमाणे कोठे झाडे लावू नयेत, हेही ठरले पाहिजे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. त्याचे वैभव वृक्षांत नाही. कातळावरील पातळ मातीत पावसाळ्यात उगवणाऱ्या रानफुलांत ते आहे. असे सडे आणि गवताळ माळ ‘ओसाड’ समजून त्यांवर खड्डे खणले तर निसर्गाची हानीच होईल. पूर्वीची नैसर्गिक परिसंस्था मोडून केलेल्या लागवडीस क्रेडिट नाकारण्याचे नियम आंतरराष्ट्रीय नोंदणीसंस्थांनीही केले आहेत.

चार कसोट्या

कोणत्याही लागवडीस क्रेडिट मिळण्यापूर्वी तिला चार कसोट्यांस उतरावे लागते.

पहिली कसोटी अधिकतेची. जे काम क्रेडिट नसते तरी झालेच असते, त्याचे क्रेडिट मिळत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण नेमणे, झाडांची गणना करणे, परवानगीवाचून झाड न तोडणे ही बंधने नगरपालिका व महानगरपालिकांवर आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. अशी भरपाईची झाडे लावणे हे कायद्याचे कर्तव्य आहे. ती क्रेडिटसाठी दाखविता येणार नाहीत. रस्तारुंदीकरणात तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली रोपे आणि क्रेडिटसाठी लावलेली रोपे यांच्या नोंदवह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्या लागतील.

दुसरी कसोटी स्थायित्वाची. क्रेडिट घेणारा आज पैसे देतो आणि झाड पुढे अनेक दशके उभे राहील या विश्वासावर देतो. नगरपालिकेतील सदस्यांची मुदत पाच वर्षांची असते. करार मात्र वीस, तीस, चाळीस वर्षांचा असू शकतो. पुढे त्याच जागेवर पाण्याची टाकी किंवा भाजी मंडई बांधावयाची ठरली तर काय, याचे उत्तर करार करतानाच हवे. म्हणून विकास आराखड्यात दुसऱ्या कामासाठी राखून ठेवलेले भूखंड या लागवडीतून वगळणे इष्ट ठरेल.

तिसरी कसोटी मोजमापाची. प्रत्येक झाडास क्रमांक, जात, लागवडीची तारीख, स्थान आणि ठरावीक वर्षांनी घेतलेला घेर, एवढी नोंद तरी हवीच. कायद्याने सांगितलेली वृक्षगणना प्रामाणिकपणे झाली तर हे काम अर्ध्याहून अधिक पार पडते.

चौथी कसोटी मालकीची. एकाच झाडाचे क्रेडिट दोनदा विकले जाता कामा नये. नगरातील रस्ता कधी नगरपालिकेचा, कधी सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. कालव्याचा काठ जलसंपदा विभागाचा, तर औद्योगिक वसाहतीतील जागा औद्योगिक विकास महामंडळाची असते. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील झाड संस्थेचे असते. झाड लावले कोणी यापेक्षा त्यातील कर्बाचा हक्क कोणाचा, हे लेखी ठरले पाहिजे.

इतरत्र काय घडले?

अमेरिकेत सिएटल येथे २०१५ मध्ये केवळ नागरी वृक्षांच्या क्रेडिटसाठी ‘सिटी फॉरेस्ट क्रेडिट्स’ ही संस्था स्थापन झाली. तेथे सर्व क्रेडिट एकदम न देता टप्प्याटप्प्याने, झाडे जगल्याचा पुरावा पाहून दिली जातात. नगरातील झाडाचा खर्च अधिक असतो हे तेथेही लक्षात आले. म्हणून ही क्रेडिट रानातील वनीकरणाहून चढ्या भावाने विकली जातात आणि त्या त्या भागातील कंपन्या ती घेतात. त्यांना कर्बाखेरीज आपल्याच गावातील सावली, हवेचा गारवा आणि पावसाच्या पाण्याचे जिरणे यांचेही मोल द्यावेसे वाटते.

आपल्या देशात कार्बन क्रेडिटचे उत्पन्न मिळविणारे नगर म्हणून इंदूरचे नाव घेतले जाते. ते उत्पन्न मुख्यतः ओल्या कचऱ्यापासून खत व गॅस तयार करणे आणि सौर ऊर्जा यांसारख्या कामांतून आले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कचऱ्याच्या ढिगातून सुटणारा मिथेन रोखला तर थोड्या वर्षांत मोठा आकडा जमतो आणि तो मोजताही येतो. नगरपालिकेस क्रेडिटचे उत्पन्न हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर कचरा प्रक्रिया हा झाडांहून जवळचा मार्ग आहे. दोन्ही कामे एकत्र जोडता आली, तर कचऱ्याचे खत खड्ड्यात आणि कचऱ्याच्या क्रेडिटचा पैसा पाणी घालणाऱ्या माळ्याच्या मजुरीत, असा मेळ बसू शकतो.

हिशेबात न मावणारे झाड

मिरज तालुक्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या मार्गात येत होता. २०२० मध्ये नागरिकांनी तो वाचविण्यासाठी आवाज उठविला, शासनाने लक्ष घातले आणि रस्त्याच्या आखणीत बदल करण्यात आला. या निर्णयामुळे कोणालाही एकही कार्बन क्रेडिट मिळाले नाही. लागवडीची क्रेडिट नव्या वाढीस मिळतात. उभ्या असलेल्या जुन्या झाडास त्या हिशेबात जागा नाही. वस्तुतः अशा एका वृक्षात कित्येक शेकडा रोपांना अनेक वर्षांत साठविता येणार नाही एवढा कर्ब असतो, आणि पाखरांचा व माणसांचा त्याच्याशी जडलेला संबंध तर कोणत्याच तराजूत बसत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला. देवाच्या नावाने राखलेल्या या राया पिढ्यान् पिढ्या टिकल्या, कारण त्यांतील काडीही बाहेर न्यावयाची नाही असा गावाचा नियम होता. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने काम करणाऱ्या ‘सह्याद्री देवराई’ या संस्थेने आपल्या नावातच ही परंपरा जपली आहे. कार्बन क्रेडिटच्या भाषेत ज्यास ‘स्थायित्व’ म्हणतात, ते देवराईने कराराविना साधले होते. नगरांना आज करार करावा लागेल. परंतु ज्या पेठेतील लोक झाड आपले मानत नाहीत, तेथे चाळीस वर्षांचा करारही कागदावरच राहील.

नगरपालिकांनी करावयाचे काम

एकट्या नगरपालिकेस क्रेडिटसाठी प्रकल्प नोंदविणे परवडणारे नाही, हे वरील ताळेबंदावरून दिसून येईल. नोंदणी आणि तपासणीचा खर्च दहा हजार झाडांस असो वा लाख झाडांस असो, फारसा बदलत नाही. यास्तव सातारा, कराड, फलटण, वाई, रहिमतपूर, म्हसवड यांसारख्या नगरांनी एकत्र येऊन, अथवा सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने विटा, तासगाव, आष्टा या नगरांना बरोबर घेऊन एकच सामाईक प्रकल्प करणे अधिक फायद्याचे होईल. सहकाराची परंपरा असलेल्या या दोन जिल्ह्यांस ही पद्धत शिकविण्याची आवश्यकता नाही. ऊस आणि दूध यांचा हिशेब जेथे थेंबाथेंबाने ठेवला जातो, तेथे झाडांचा हिशेबही ठेवता येईल.

क्रम मात्र असा असावा. प्रथम कायद्याने सांगितलेली वृक्षगणना पूर्ण करावी. त्यानंतर वृक्ष उपकराची रक्कम वृक्षांवरच खर्च होते की नाही, हे पाहावे. मग जागा निश्चित करून, पाण्याची सोय असेल तेवढीच लागवड करावी. दोन उन्हाळे पार पडल्यावर किती झाडे जगली याची प्रभागवार यादी नगरपालिकेच्या फलकावर लावावी. शाळांनी आपापल्या परिसरातील झाडांचे घेर दरवर्षी मोजावेत; गणित, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र यांचा असा एकत्र पाठ दुसरा नाही. आणि इतके झाल्यानंतर, हाती खात्रीची नोंद असताना, क्रेडिट घेणाऱ्याशी बोलणी करावीत.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी करार आणि मग झाडे असा प्रकार झाला, तर नगराचे नुकसान होण्याचा संभव आहे. मध्यस्थ संस्था प्रारंभी रोपे फुकट देते आणि त्या बदल्यात पुढील अनेक वर्षांच्या कर्बाचा हक्क लिहून घेते, अशा स्वरूपाच्या प्रस्तावात उत्पन्नाचा वाटा किती, झाड मेल्यास जबाबदारी कोणाची आणि भाव पडल्यास निगेचा खर्च कोण करणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याखेरीज सही करू नये.

कार्बन क्रेडिटने नगरपालिकेची तिजोरी भरणार नाही. पण ज्या वर्षी लागवडीची छायाचित्रे जुनी झालेली असतात, पिंजरे गंजलेले असतात आणि नव्या अंदाजपत्रकात जुन्या झाडांसाठी तरतूद उरलेली नसते, त्या वर्षी एका माळ्याचा पगार आणि एका टँकरचे पाणी त्यातून भागू शकते. चैत्र-वैशाखात साताऱ्याच्या राजपथावर अथवा सांगलीच्या बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या माणसास सावली मिळते ती अशा सांभाळलेल्या झाडाची. ती मिळावी म्हणून नगरपालिकेने आज एक नोंदवही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर लावलेल्या रोपांऐवजी जगलेल्या झाडांची संख्या लिहावी.